ऐंशी मीटर दोरीखालची कप्पी

मी कप्पी बोलतेय. विहिरीवरची नव्हे, ती करकरते, तिचा आवाज तुम्ही लगेच ओळखाल. मी शिडाच्या होडीवरची. मुठीएवढी, अंग लाकडाचं, पोटात पितळी चाक. वारा भरला की होडीचं मोठं शीड बाहेर पळू बघतं. त्याला दोरीने आत ओढायचं, थोडी ढील द्यायची, पुन्हा ओढायचं, हे माणसाचं काम. ती दोरी माझ्या पोटातून जाते. एवढंच माझं आयुष्य आहे, पण अठ्ठावन्न वर्षांत त्यातही बरंच काही घडलं.

मला स्वेन्बोर्ग गावातल्या रास्मुस नावाच्या म्हाताऱ्याने घडवलं. घडवून झाल्यावर त्याने मला चाळीस दिवस जवसाच्या तेलात बुडवून ठेवलं. एवढं तेल कुणी बाळंतिणीलाही चोपडत नसेल. मग बाहेर काढून कानाशी धरलं आणि चाक फिरवून पाहिलं. ज्या कप्पीचा आवाज येई ती पुन्हा तेलात जाई.

"गप्प राहते ती चांगली," असं तो म्हणायचा. माझा आवाज आला नाही. म्हणून मी अठ्ठावन्न वर्षं गप्प राहिले. आज बोलतेय त्याला तसंच कारण आहे.

मला आधी एलेसहोम बेटावरच्या पाद्र्याने नेलं. त्याने 'पेट्रीया' नावाची अठरा फुटांची होडी बांधून घेतली होती. रविवारच्या प्रवचनाची तालीम तो होडीत करायचा. नरकाचं वर्णन आलं की दोन्ही हात वर करायचा आणि दोरी सुटायची. त्यामुळे नरक मला नेहमी शिडाच्या फडफडाटातच ऐकू आला. पुढे त्याची बदली झाली आणि पेट्रीया आयनारने घेतली.

आयनार बेटावरच्या शाळेत गणित शिकवायचा. त्याची बायको बोदिल आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करणारी परिचारिका. दर गुरुवारी संध्याकाळी बेटावरच्या होड्यांची शर्यत असते, त्यात ही दोघं उतरायची. पुढचं छोटं शीड, नकाशा आणि कॉफीचा थर्मास बोदिलकडे. सुकाणू आणि माझी दोरी आयनारकडे. ही वाटणी एकेचाळीस वर्षं चालली. ती कुणी ठरवलेली नव्हती, त्यामुळे कुणाला मोडताही येत नव्हती.

शर्यतीत ती दोघं बहुतेक मधेच कुठेतरी यायची. त्याचं आयनारला काही वाटत नसे. त्याला अभिमान होता तो आतल्या धक्क्यावरच्या चार नंबरच्या जागेचा. तिथून पाय उचलला की थेट होडीत. हंगामात निदान दहा शर्यती पूर्ण केल्या तर आतली जागा टिकते, नाहीतर बाहेरच्या धक्क्यावर जावं लागतं. तिथे पाणी खोल, आणि होडीत उतरायला भिंतीला लावलेली बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या शनिवारी आयनार मैना पक्ष्यांसाठी केलेली लाकडी पेटी झाडाला टांगायला वर चढला आणि पेटीसकट खाली आला. मी तेव्हा शेडमध्ये खिळ्याला होते, दार उघडं होतं, सगळं पाहिलं. त्याच्या तोंडातून एक दबका आवाज निघाला, आणि तो बराच वेळ गवतात पडून राहिला. मग उठला, उजवा खांदा दाबून धरत पेटीकडे गेला आणि तिचा तुटलेला कोपरा निरखू लागला.

बोदिलने खिडकीतून विचारलं, "काय पडलं रे?"

"पेटी," आयनार म्हणाला.

"आवाज मोठा आला."

"मोठी पेटी आहे."

त्या दिवसापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मे महिन्यात पेट्रीया पाण्यात उतरली. पहिल्याच गुरुवारी त्याने माझी दोरी ओढली तेव्हा दोरीतून मला कळलं. पूर्वीची ओढ खांद्यातून यायची, एका दमात. आता ती मनगटातून येत होती, तुकड्यातुकड्यांनी, आणि दर तुकड्यानंतर तो श्वास रोखत होता.

तशात वाग्नने नव्या कप्प्या आणल्या. वाग्न म्हणजे आयनारचा शेजारी, तीस वर्षं दर शर्यतीत शेवटून दुसरा येणारा. त्याच्या कप्प्या काळ्या प्लॅस्टिकच्या, पोटात सायकलच्या चाकात असतात तसे छर्रे. नुसती फुंकर मारली तरी फिरायच्या. धक्क्यावर उभा राहून तो सगळ्यांना दाखवत होता.

"बघ आयनार. एका बोटाने शीड आत येतं."

"कुठल्या बोटाने?" आयनारने विचारलं.

"कुठल्याही. करंगळीने सुद्धा."

आयनारने एक कप्पी फिरवून पाहिली आणि परत दिली. पण घरी येऊन त्याने होडीच्या सामानाचं जाडजूड पुस्तक उघडलं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मिटलं नाही. खांदा दुखतो म्हणणं त्याला जमत नव्हतं. होडीचं सामान जुनं झालंय, हे म्हणणं जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने राय नावाच्या धान्याच्या काळसर पावावर चीजच्या चकत्या ओळीने मांडून बोदिलला समजावलं. "हे शीड. ही दोरी. सध्या दोरीचे तीन पदर आहेत, म्हणजे मला शिडाच्या ओढीचा तिसरा भाग सोसावा लागतो. सहा पदर केले तर सहावा."

"तुला आत्तापर्यंत जड वाटत नव्हतं," बोदिल म्हणाली आणि तिने शीड उचलून खाल्लं.

"प्रश्न जडपणाचा नाही. सुधारणेचा आहे."

सुधारणा बोटीने आली, खोक्यातून. सहा पदर झाले, आणि खरं सांगते, काम छान झालं. मी अजून वरच होते, माझ्या दोन्ही बाजूंना काळ्या कप्प्या. त्या बोलायच्या नाहीत, नुसत्या गरगरायच्या. धक्क्यावर होडी उभी असतानाही वाऱ्याने फिरत राहायच्या. मला त्यांचा राग नव्हता. त्याने तिथे थांबायला हवं होतं, एवढंच.

पण खांदा थांबला नाही. जूनमध्ये तो जास्त दुखू लागला, तसे पदर आठ झाले. मग दोरी चावून धरणारा दातांचा चिमटा आला. मग तळाला आडवा रूळ आला, त्यावरून दोरीचं टोक डावी-उजवीकडे सरकायचं. आणि जूनअखेर आयनारला एक युक्ती सुचली. एका कप्पीजोडीने दुसरी कप्पीजोडी ओढायची. सहा गुणिले चार. शाळा सोडताना मिळालेला फळा त्याने स्वयंपाकघरात लावला होता, त्यावर त्याने मोठ्ठा आकडा लिहिला: चोवीस.

"म्हणजे मला फक्त चोविसावा भाग," तो म्हणाला. "करंगळीचीही गरज नाही."

"आणि दोरी?" बोदिलने विचारलं.

"दोरीचं काय?"

"ती किती ओढायची?"

"अर्थात चोवीस पट."

"म्हणजे शीड तीन मीटर आत घ्यायचं असेल तर बहात्तर मीटर."

आयनारने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुझा गुणाकार अगदी बरोबर आहे," तो म्हणाला, आणि ऐंशी मीटर दोरी मागवली. हाताशी थोडी जास्त असावी म्हणून.

चोवीस पदरांच्या त्या रचनेत लाकडी कप्पीला जागा नव्हती. त्याने माझी बांधणी सोडली, मला तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने माझं चाक एकदा फिरवलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. एकेचाळीस वर्षं काही थोडी नाहीत.

"वजन बरं आहे हिचं," तो म्हणाला.

नवी दोरी केशरी रंगाची, हलकी, पाण्यावर तरंगणारी. वाऱ्याने उडायची. म्हणून ती कपड्यांच्या वेताच्या टोपलीत भरून वर मला ठेवलं. अशी मी दोरीवरचा दगड झाले. ही पदवी मी कुठल्याही कप्पीला मिळू नये असं म्हणेन.

आता पेट्रीयाची शर्यत कशी चालायची ते ऐका. परतीच्या वाटेवर वारा समोरून, म्हणून शीड आत घ्यावं लागतं. पहिली होडी बोया, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेलं पिंप, वळून पुढे जायची. दुसरी जायची. आयनार बोया वळायचा आणि ओढायला लागायचा. ओढायला जोर काही लागत नव्हता, ते खरंच. पण तो ओढतच राहायचा. दोरी पायाशी साचायची, मग घोट्यापर्यंत, मग बोदिलच्या गुडघ्यापर्यंत. शीड अजून बाहेरच.

वाग्न बाजूने जाताना विचारायचा, "झालं का ओढून?"

"होत आलंय."

"मग मी एक फेरी मारून येतो."

आणि एकदा तो खरोखर फेरी मारून आला. तेव्हाही आयनार ओढतच होता.

जाताना वारा पाठीमागून, तेव्हा उलटी तऱ्हा. शीड बाहेर सोडायचं, तर एवढ्या कप्प्यांतून दोरी जाता जाईना. मग बोदिल शिडाखालच्या आडव्या दांड्याला पाठ लावून उभी राहायची आणि त्याला बाहेर ढकलायची, एखाद्या जाड माणसाला दारातून ढकलावं तशी. बंदरातले लोक हे दुर्बिणीतून बघायचे. पण कुणी आयनारला काही म्हणत नव्हतं. साठीच्या आतल्या प्रत्येकाला बेटावर त्यानेच गणित शिकवलं होतं, आणि त्याचा हिशोब बरोबर आहे याची प्रत्येकाला खात्री होती.

जुलैत दोरीने होडीत बसायला जागा ठेवली नाही. तेव्हा आयनारने मागे एक रबरी होडगं बांधलं आणि टोपली त्यात ठेवली. पेट्रीया पुढे, तिच्या मागे दोरीची होडी. त्या होडग्यात मी एकटी प्रवासी. दोरीचं टोक हरवू नये म्हणून त्याने ते होडग्याच्या फळीला पक्कं बांधलं होतं. मास्तरच तो, सुटं टोक त्याला चालायचं नाही.

दर बुधवारी बोदिल ती टोपली स्वयंपाकघरात आणून दोरीचा गुंता सोडवायची. त्यामुळे घरात काय चाललंय ते मला दिसत होतं. एका बुधवारी दोरी बाजूला ठेवून तिने आयनारचा निळा स्वेटर घेतला, डोक्यातून घालायचा असतो तसला, आणि तो समोरून सरळ कापला. मग दोन्ही कडांना पट्टी लावून बटणं शिवली.

दुसऱ्या दिवशी आयनारने तो घातला. हात वर न करता, कोटासारखा. थोडा वेळ बटणांकडे बघत राहिला.

"याला बटणं होती?"

"होती की."

"मला आठवत नाही."

"तू स्वेटरकडे कधी बघतोस?" बोदिल म्हणाली.

ऑगस्टपर्यंत सातही स्वेटर समोरून उघडे झाले. कपाटातल्या वरच्या फळीवरच्या बशा खालच्या फळीवर आल्या. त्याचा वस्तरा, टोपी, चष्मा, सगळं हळूहळू खाली उतरलं. घरातली प्रत्येक वस्तू एक-एक वीत खाली येत होती, होडीवर एक-एक कप्पी वर चढत होती, आणि टेबलावर दोघं हवेबद्दल बोलत होती. तीस वर्षं आजाऱ्यांना अंथरुणातून उचलून बसवणाऱ्या बाईला खांदा कळत नाही, असं आयनारला कसं वाटलं कोण जाणे. की वाटत नव्हतं, आणि तरीही तो ओढत होता, हेही मला सांगता येणार नाही. मी टोपलीत होते.

सप्टेंबरचा पहिला गुरुवार आला. हंगामातली शेवटची शर्यत. आयनारच्या नऊ शर्यती पूर्ण झाल्या होत्या, दहावी हवी होती. किराणा दुकानदार मोन्स हा शर्यतीचा पंच. मुख्य धक्क्यावर खुर्ची टाकून, घड्याळ आणि वही घेऊन तो बसला होता. सहा पंचेचाळीसच्या आत जो पोचेल त्याचीच शर्यत पूर्ण धरली जाईल, असं त्याने सांगितलं. वारा जोराचा होता.

शेवटच्या बोयापर्यंत सगळं नेहमीसारखं, म्हणजे सगळ्यांच्या मागे. बोया वळून आयनार ओढू लागला. दोरी मागे होडग्यात येत होती, माझ्यावर, माझ्या बाजूंनी. मी मोजत होते. तीस मीटर. चाळीस. पन्नास मीटरला वाऱ्याचा एक झपका आला. चिमट्याने दोरी सोडली, आयनारने ती पकडायला उजवा हात झटक्यात वर नेला, आणि हात वर गेला नाही. त्याच्या तोंडातून एक आवाज आला. झाडाखाली गवतात पडला होता तेव्हाचा तोच.

शीड बाहेर सुटलं. सगळ्या काळ्या कप्प्या एकदम घुमू लागल्या. पन्नास मीटर दोरी टोपलीतून सापासारखी सळसळत निघाली, टोपली उलटली, मी दोरीच्या एका वेढ्यात अडकले, आणि मग टोक आलं. ते फळीला पक्कं बांधलेलं होतं. होडगं पाण्यातून उचललं गेलं, पेट्रीयाच्या मागच्या कडेवर चढलं आणि आत शिरून चोवीस पदरांत नाक खुपसून बसलं. मी सुटून बोदिलच्या मांडीवर पडले.

शीड फडफडत होतं. दोघं होडग्याकडे बघत होती.

"आयनार," बोदिल म्हणाली, "हात वर कर."

"कशाला?"

"कर."

त्याने डावा वर केला.

"दुसरा."

आयनार पाण्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "पेटी नव्हती ती."

"माहीत आहे. पेटीला मी दोन खिळे मारले, तुला पाच महिने काय मारू ते कळत नव्हतं."

"तू बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास प्रश्न जडपणाचा नाही, सुधारणेचा आहे. म्हटलं, होऊ दे सुधारणा." तिने घड्याळ पाहिलं. "सहा वीस झालेत. मला तुला बारा पायऱ्यांच्या शिडीवरून चढवायचं-उतरवायचं नाही. मी ते काम सोडलंय. होडीचं नाक वाऱ्यात घाल."

"दोरी तू धरणार?"

"धरणार."

"पण ती मी..."

"नाक वाऱ्यात घाल, आयनार."

त्याने डाव्या हाताने सुकाणू वळवलं. शीड मधोमध येऊन फडफडू लागलं. बोदिलने पाव कापायची सुरी काढली आणि केशरी दोरी कापली. एकाच घावात नाही, ती चिवट होती. होडग्याचं नाक सोडवून, फळीवरची गाठही कापून त्याला मागे ढकललं तशी उरलेली सगळी दोरी, तुकडे आणि वेढे, शेवयांसारखी पाण्यावर पसरली. हाताला लागलेल्या एका तुकड्याने तिने मला दांड्याला बांधलं, एक दोरी कडीतून माझ्या पोटात घातली आणि तिचं टोक हाताला गुंडाळलं. दोन पदर. बस्स.

मग तिने ओढलं. मला कितीतरी महिन्यांनी खांद्यातून आलेली ओढ लागली. एका दमात. शीड आत आलं, पेट्रीया तिरपी झाली आणि निघाली. आयनारने सुकाणू धरून ठेवलं. फक्त एकदा "थोडी ढील" म्हणाला, आणि बोदिलने दिली नाही, आणि ते बरोबर होतं.

सहा बेचाळीसला आम्ही रेषा ओलांडली.

प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण वाग्नने हरकत घेतली. शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या नियमात लिहिलंय की निघताना होडी जेवढी असेल तेवढी परत आली पाहिजे. एकोणीसशे एक्कावन्न साली कुणीतरी होडी हलकी व्हावी म्हणून शेवटच्या बोयाजवळ आपल्या मेहुण्याला पाण्यात उतरवलं होतं, तेव्हाचा हा नियम. पेट्रीया मेहुण्यासकट नाही, पण ऐंशी मीटर दोरीसकट निघाली होती, आणि दोरी अजून समुद्रात होती.

क्लबच्या खोलीत सगळे कॉफी घेऊन बसले. मोन्सने चष्मा लावला. "आयनार, दोरी होडीचा भाग आहे की नाही?"

खोटं बोलणं आयनारच्या हातून झालं नाही. "आहे," तो म्हणाला.

"होती," बोदिल म्हणाली. "मी कापली त्या घडीपर्यंत."

"आणि त्यानंतर ती कोण?"

"ती तिची ती."

मोन्सने यावर पुष्कळ विचार केला. लहानपणी भागाकारात त्याची बाकी कधी बरोबर येत नसे, त्यामुळे उरलेल्या गोष्टींबद्दल तो आता फार काळजीपूर्वक वागतो. शेवटी तो म्हणाला, "मग कापल्यापासून ती स्वतंत्र स्पर्धक. शेवटच्या बोयापासून निघालेली. वेळ लिहावी लागेल."

"दोरीची?" वाग्नने विचारलं.

"दोरीची. पेट्रीया अठरावी, दोरी एकोणिसावी."

वाग्न बोटं मोजू लागला. तो सतरावा होता. आजवर होता शेवटून दुसरा. दोरी धरली तर तो शेवटून तिसरा होत होता. त्याने कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि हरकत मागे घेतली.

मग सगळे धक्क्यावर जाऊन उभे राहिले. प्रवाह बंदराकडेच होता. सूर्य टेकायला आला असताना सात अठ्ठावन्नला केशरी दोरीचं टोक रेषेवर आलं, त्यामागून बाकीची. मोन्सने वेळ लिहिली. मुदत टळली होती, त्यामुळे दोरीची एकही शर्यत पूर्ण झालेली नव्हती. नियमाप्रमाणे तिला बाहेरच्या धक्क्यावर जागा दिली गेली. ती अजून तिथेच आहे, लोखंडी शिडीशेजारी, वेटोळं करून. वाग्न संध्याकाळी फिरायला गेला की तिच्याकडे एक नजर टाकतो.

पुढच्या सोमवारी आयनार स्वेन्बोर्गला जाऊन खांदा दाखवून आला. आतला स्नायू फाटला होता, आणि आता तो पूर्ण जुळायचा नव्हता. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम त्याला दिलाय. त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्यात, मोजपट्टी लावून. दोन महिन्यांत चार सेंटिमीटर.

गेला सगळा उन्हाळा बोदिल मागे बसली, सुकाणू आणि दोरी घेऊन, आणि आयनार पुढे, थर्मास घेऊन. त्याला पुढे बसता येत नाही. वळताना तो उभा राहतो, बोया आला की नेमका कॉफी ओततो. पहिल्या गुरुवारी तो बराच वेळ इकडेतिकडे बघत होता. मग म्हणाला, "इथून सगळं दिसतं की."

"मला एकेचाळीस वर्षं दिसतंय," बोदिल म्हणाली.

आता हिवाळा आहे. पेट्रीया पाण्याबाहेर आहे, आणि आज दुपारी आयनार मला तेल द्यायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन बसला. माझ्या पोटातून जो आस जातो त्याला बाजूने एक छोटा पितळी स्क्रू आहे. रास्मुसने स्वतः कातलेला. आयनारने डाव्या हाताने पेचकस लावला. निसटला. पुन्हा लावला. पुन्हा निसटला. बोदिल बटाटे सोलत होती, तिने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा निसटल्यावर त्याने पेचकस खाली ठेवला.

"बोदिल," तो म्हणाला, "हे जरा धर."

सुरी थांबली. तिने हात पुसले, समोर येऊन बसली आणि मला दोन्ही हातांत घट्ट धरलं. त्याने पेचकस फिरवला. स्क्रू सुटला, टेबलावर पडला, गडगडत कडेला गेला आणि खाली. त्या वेळी दोघांपैकी कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

म्हणून आज मला बोलावं लागलं. मी तीन तुकड्यांत वर्तमानपत्रावर पडलेय. दोघांनी खुर्च्या हलवल्या, चटई झटकली, बटाट्याच्या सालांत शोधलं, आता पलीकडच्या खोलीत जाऊन चष्मा शोधतायत. स्क्रू फ्रिजखाली आहे, मागच्या डाव्या पायाशी. मी पाहिलंय, पण मला हात नाहीत. तुम्ही कधी एलेसहोमला आलात, तर बंदरातून वर येणाऱ्या रस्त्यावरचं तिसरं घर, हिरव्या दाराचं. कडी वाजवा आणि सांगा. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढावा लागेल. आयनार म्हणेल, थांबा, मी ओढतो.

त्याला ओढू देऊ नका.